शपथ घालू नका, उपचाराला न्या

मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळणाऱ्या मुलाला विहारात आणायचे, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभे करायचे आणि ‘पुन्हा खेळणार नाही’ असे सर्वांदेखत वदवून घ्यायचे, हा प्रकार मी काही वस्त्यांत पाहते आहे. त्यामागचा हेतू वाईट नसतो. आईचा जीव तुटत असतो, मंडळाच्या कार्यकर्त्यांना काहीतरी करायचे असते, आणि शपथेला पैसे लागत नाहीत. माझा मात्र या पद्धतीला विरोध आहे. विरोधाची कारणे आरोग्याची आहेत, म्हणून या पानावर ती मांडते.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. तीन पत्ती आणि रमी आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. पोकर हा शब्द घराघरात आणला मोबाईलने. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पाने असतात. मधली पाच पाने सर्वांची सामाईक. ती एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे. सात पानांतून ज्याची पाच पाने भारी, तो डाव जिंकतो. किंवा बाकीच्यांनी घाबरून पाने टाकली तर हातात काही नसतानाही जिंकतो. तीन पत्ती येणाऱ्या पोराला हे अर्ध्या तासात जमते.

यात डोके लागते, हे खरे आहे. ते नाकारून आपण मुलांशी बोलायला गेलो तर ती आपल्याला अडाणी समजतील आणि तिथेच बोलणे संपेल. समजा हातात बदामची दोन पाने आहेत आणि टेबलावरच्या तिनांत बदामची आणखी दोन. पाचवे बदाम आले तर हात भारी होतो. पत्त्यांत बदामची तेरा पाने. चार दिसली, नऊ राहिली. न दिसलेली एकूण पाने ४७. अजून दोन पाने उघडायची आहेत, म्हणजे शंभरातून साधारण ३५ वेळा बदाम येईल आणि ६५ वेळा येणार नाही. मग समोरच्याने लावलेल्या पैशांच्या मानाने ही जोखीम परवडते का, हे चांगला खेळाडू मनातल्या मनात ठरवतो. ज्या मुलाला दहावीला गणिताने छळले, तो हे हिशेब तोंडपाठ सांगतो तेव्हा मला त्याच्या बुद्धीचे कौतुकच वाटते. आपली पोरे बावळट आहेत म्हणून यात अडकली, असे कोणी समजू नये.

आता दुसरा हिशेब बघा. हा कोणी शिकवत नाही. जुन्या जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घ्यायचा, त्याला नाल म्हणत. पोकर चालवणारी कंपनी तेच करते. समजा सहा जण प्रत्येकी ५०० रुपये घेऊन बसले. टेबलावर ३,००० रुपये आले. दर डावात सरासरी १०० रुपये जमतात आणि कंपनी त्यातले ५ काढते असे धरू. मोबाईलवर तासाला साठ डाव सहज होतात. म्हणजे तासाला ३०० रुपये नालेत गेले. याच वेगाने दहा तासांत टेबलावरचे सगळे ३,००० कंपनीकडे जातात. सहाही जण सारखेच हुशार असले तरी! यात जिंकायचे तर आपण इतरांपेक्षा थोडे बरे असून भागत नाही, नाल भरूनही उरेल इतके सरस असावे लागते. असे लोक असतात, पण थोडे. आणि ते जिंकतात ते कंपनीचे पैसे नसतात. ते तुमच्या-आमच्या घरातून आलेले असतात.

वेगाचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. माणसे समोरासमोर बसून पोकर खेळली तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, कारण पत्ते पिसायचे असतात, वाटायचे असतात, कोणी चहा मागवतो. मोबाईलवर त्याच्या दुप्पट, आणि दोन टेबले एकदम उघडली तर चौपट. वरळी-कल्याणच्या मटक्याचा आकडा ठरावीक वेळेला फुटायचा. बाप कोपऱ्यावरच्या टपरीवर चिठ्ठी घेऊन उभा राहिलेला सगळ्या चाळीला दिसायचा, आई तिथे जाऊन त्याला ओढून आणू शकायची. आता तो त्याच दहा बाय दहाच्या खोलीत, पांघरुणाखाली, बायकोच्या शेजारी पडून खेळतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

मग येते ती वाईट वेळ, जिला सगळे ‘नशीब’ म्हणतात. हातात दोन एक्के आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तर सगळी पाने उघडेपर्यंत एक्केवाला शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या १८ वेळा हरतो. काहीही चूक न करता हरतो. हे १८ पराभव नीट अंतराअंतराने येत नाहीत, कधी लागोपाठ तीन येतात. पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. माणसाच्या मेंदूला मात्र आठवतो, आणि तो म्हणतो, आता तीनदा गेले म्हणजे पुढचा माझाच. किंवा म्हणतो, मी बरोबर खेळलो होतो, माझे पैसे परत मिळालेच पाहिजेत. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात, ‘पैसे भरा’ या बटणावर. ही मंडळी ज्याला ‘टिल्ट’ म्हणतात, त्याला आपल्या भाषेत डोके फिरणे म्हणतात. त्या अवस्थेत छातीत धडधडते, तळहाताला घाम येतो, झोप उडते, आणि तासाभरापूर्वी गणित अचूक मांडणारा मुलगा खोलीभाडे लावून मोकळा होतो.

यावर पोकर शिकवणाऱ्यांकडे सल्ले असतात आणि ते ऐकायला शहाणपणाचे वाटतात. राग आला की उठा. आजच्या दिवसात किती हरायचे ते आधीच ठरवा. एका टेबलाला जेवढे पैसे लागतात त्याच्या वीस-तीस पट रक्कम वेगळी काढून ठेवा, म्हणजे वाईट काळ निघून जाईल. हा शेवटचा सल्ला घरी नेऊन बघा. ५०० रुपयांच्या टेबलासाठी तीसपट म्हणजे १५,००० रुपये, तेही असे की गेले तरी रेशन, भाडे, पोराची फी आणि बचत गटाचा हप्ता यांना धक्का लागणार नाही. पार्सल पोचवणाऱ्या, हाऊसकीपिंगला जाणाऱ्या, कंत्राटावर झाडू मारणाऱ्या माणसाच्या घरी असे पैसे कुठे पडलेले असतात? वाईट काळ सोसण्याची ताकद पैशातून येते. ज्याच्याकडे ती नाही त्याचा खेळ वाईट काळातच संपतो, चांगला काळ बघायला तो टेबलावर उरत नाही. आणि शिकवणारा म्हणतो, तुझी शिस्त कमी पडली! म्हणजे पैसेही गेले आणि दोषही आपलाच.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मन स्थिर ठेवा, ध्यान करा, हार-जीत समान माना, असेही हे शिकवणारे सांगतात. महामंगल सुत्तात लोकधर्मांचा उल्लेख येतो. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे ते आठ, असे आपण धम्मवर्गात ऐकले आहे. त्यांनी चित्त हलू नये ही शिकवण माणसाला तृष्णेतून सोडवण्यासाठी आहे, रात्री अडीच वाजता टेबलावर बसवून ठेवण्यासाठी नाही. नशिबाचेही तसेच. मागच्या जन्माच्या कर्मावर गरिबीचे खापर फोडणारी शिकवण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये खोडून काढली. त्या बाबासाहेबांची लेकरे पान उघडायच्या आधी मोबाईलवर फुंकर मारतात, ‘लकी’ शर्ट घालून खेळतात. हे पाहून मला हसू येत नाही.

कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, कोर्टानेच सांगितले आहे, असे तरुण मंडळी मला ऐकवतात. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, हे बरोबर आहे. पण त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ दैवाचा खेळ म्हटले आहे, आणि क्लबचा मालक या खेळातून नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो असेही म्हटले आहे. जाहिरातींनी पहिले वाक्य उचलले, बाकीचे सोडून दिले. पोकरच्या बाबतीत तर न्यायालयांचेही एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले.

आता आजाराकडे येते. जुगाराचे व्यसन हा आजार आहे हे मी दया म्हणून म्हणत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ते दारू-तंबाखूच्या व्यसनांबरोबर एकाच गटात आहे, आणि त्यात ऑनलाइन जुगाराची वेगळी नोंद आहे. याचा एक पुरावा आम्हा नर्सेसना औषधांच्या ट्रेमध्येच सापडतो. कंपवाताच्या रुग्णांना प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या देतात. त्या मेंदूत डोपामिनसारखे काम करतात. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या काही रुग्णांना या गोळ्यांमुळे जुगाराची अनावर ओढ लागते, आणि गोळी कमी केली किंवा बंद केली की बहुतेकांची ओढ ओसरते. (घरात कोणाला ही गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.) निव्वळ चारित्र्याचा प्रश्न असता तर गोळीने तो सुरू झाला नसता आणि थांबलाही नसता.

म्हणून शपथेला माझा विरोध. डेंग्यूच्या तापाला आपण शपथ घालत नाही. या आजारात पुन्हा घसरणे अपेक्षित असते, दारूत असते तसेच. शपथ घेतलेला मुलगा तीन आठवड्यांनी पुन्हा खेळतो तेव्हा त्याच्या दृष्टीने तो नुसता हरलेला नसतो, त्याने बाबासाहेबांना दगा दिलेला असतो. मग तो विहारात येणे बंद करतो, मित्रांना टाळतो, घरी खोटे बोलतो. लपवण्यासाठी आणखी कर्ज काढतो. आपणच त्याची मदतीची एकमेव जागा बंद करून टाकतो. काही ठिकाणी दंड ठोठावण्याची भाषाही होते. कर्जात बुडालेल्या माणसाकडून दंड कशातून घेणार?

बुद्धांनी याबद्दल सांगितलेलेच आहे, ते जरा नीट वाचू. राजगृहात सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात, सिगालोवाद सुत्तात, जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याबद्दल वैर तयार होते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, हाती असलेले धन जाते, चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र-सोबती त्याला तुच्छ लेखतात, आणि लग्नासाठी कोणी त्याला पसंत करत नाही. यात पापाची, नरकाची भीती नाही. डॉक्टरने आजाराची लक्षणे आणि परिणाम सांगावेत तसे हे आहे. सहाव्या तोट्यावर आपण काय करतो बघा: ‘लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.’ सुत्त म्हणते अशाला मुलगी देत नाहीत, आणि आपण औषध म्हणून त्याला मुलगी देतो! पुढे त्याच्या कर्जाचे फोन त्या मुलीच्या माहेरी जातात.

घरातल्या बायकांना लक्षणे आधी कळतात, फक्त त्यांचा अर्थ लागत नाही. पगाराच्या पहिल्याच आठवड्यात पैसे संपणे. मोबाईल कायम पालथा ठेवणे, संडासात घेऊन जाणे. रात्री उशिरापर्यंत जागून सकाळी कामावर खाडे. ॲसिडिटी, डोकेदुखी, चिडचिड. मित्राच्या नावाने उसने मागणे. घरातली एखादी वस्तू ‘दुरुस्तीला’ जाऊन परत न येणे. यातले तीन-चार दिसले तर चोरून मोबाईल तपासत बसू नका, सकाळी तो शांत असताना सरळ विचारा: किती देणे आहे, कोणाकोणाचे? पहिल्या वेळी तो अर्धाच आकडा सांगेल. सगळे एका वहीत लिहून काढायला लावा.

आणि ताई, गळ्यातले मोडून एकदम सगळे कर्ज फेडू नका. मला ठाऊक आहे, हे सांगणे सोपे आणि ऐकणे अवघड. पण पूर्ण आकडा पुढे येण्याआधी आणि उपचार सुरू होण्याआधी घरच्यांनी कर्ज फेडले की मेंदूला एकच निरोप जातो, की अजून एक डाव शिल्लक आहे. पगाराचे खाते काही महिने बायकोने किंवा आईने सांभाळावे, त्याच्या मोबाईलवरून होणाऱ्या व्यवहारांची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्यावी. यात त्याचा अपमान नाही. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतात, तसेच हे.

उपचारासाठी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही. विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारे समुपदेशन हा यातला मुख्य उपचार. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर औषधेही देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून हे उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. ओपीडीतून हाकलले तर मंडळाने दोन माणसे सोबत पाठवावीत. शपथ घालायला जेवढी माणसे जमतात त्यातली दोन पुरेत.

एक प्रश्न टाळू नका. रात्रपाळीत विष प्यायलेला तरुण आला की आम्ही नाकातून नळी घालायचो, सलाइन लावायचो, आणि कागदावर कारण लिहिले जायचे ‘घरगुती भांडण’. भांडण कशावरून, हे कोणी विचारायचे नाही. जुगाराच्या कर्जातल्या माणसाला जीव देण्याचे विचार येणे फार नेहमीचे असते. त्याला स्पष्ट विचारा, ‘मरून जावंसं वाटतं का रे?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, घरातली उंदराची, ढेकणाची औषधे बाहेर काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कर्जाच्या ॲपवाल्यांबद्दलही थोडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, आणि कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या मोबाईलमधली नावांची यादी उघडता येत नाही. नातेवाइकांना फोन, फोटो बिघडवून पाठवण्याची धमकी हा गुन्हा आहे. १९३० वर तक्रार करा, पोलीस ठाण्यात जा, धमकीचे मेसेज पुसू नका.

राहिला कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. बड्या कंपन्यांनी लगोलग पैशांचे खेळ बंद केले. मी या बंदीच्या बाजूची आहे, पण तिने आपले काम संपले असे मानणाऱ्यांच्या बाजूची नाही. ओढ ज्याच्या मेंदूत बसली आहे तो परदेशातल्या साइट शोधतो, टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे भरतो. तिथे जिंकला तरी पैसे मिळतील याची खात्री नाही, आणि फसला तर तक्रार कोणाकडे? पोलिसांच्या भीतीने घरचे गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते: केंद्राच्या या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. दवाखान्यात खरे सांगितल्याने कोणी त्याला पकडून नेणार नाही.

या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू होईल तेव्हा एका रविवारी सिगालोवाद सुत्त वाचायला घ्या, आणि त्याच दिवशी फलकावर १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा. वाचन झाल्यावर कोणाचे नाव पुकारू नका. बाहेर चपला घालताना एखादी आई मागे रेंगाळेल, तिच्याशी बोलायला महिला मंडळातली एक जण थांबू द्या.